सात कडव्यांची आमटी

भिंतीवर वेळ मोजणारा विजेचा पडदा लागला त्या सकाळी आमच्या खानावळीचं स्वयंपाकघर एका फरशीनं आखूड झालं.

आदल्या दिवशीपर्यंत ते सात फरश्या लांब होतं. मी आमटी अभंगावर उकळवते आणि माझा अभंग सात कडव्यांचा. तिसऱ्याला फोडणी, पाचव्याला चिंचगूळ, सातव्यात संतांचं नाव आलं की झाकण. मारुतीच्या देवळात बुवांच्या कीर्तनाला बसून बसून हात तयार झालाय, घड्याळ कशाला बघू? पार टोकाला, सातव्या फरशीवर, गोदाक्का भाकऱ्या थापायची. तिची थाप हाच माझा टाळ.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली : आमटी, उशीर.

"मावशी, एकच कडवं कापा," खानावळीचे मालक निरंजनशेठ म्हणाले.

मी शेवटचं कापलं. संतांचं नावच गिळलं मी. भिंत पुढं सरकली आणि गोदाक्काच्या कमरेशी थांबली.

"यमे, माझी पाठ गार पडली बघ."

"पुढं सरक की गं."

"चूल कुठं सरकतीय? ती काय तुझी सून हाय, म्हटलं की उठाय?"

दुसऱ्या दिवशी सहावं कडवं गेलं. गोदाक्का चुलीसकट आत गेली. भाकऱ्या मात्र भिंतीच्या फटीतून येत राहिल्या, गरम, पापुद्रा सुटलेल्या.

"शेठ, बाई भिंतीत गेली!"

"हो, पण आमटी बघा किती लवकर निघतेय," ते पडद्याकडे बघत म्हणाले.

महिन्याभरात माझ्याकडं एक फरशी आणि एक कडवं उरलं. थाप लांबून यायला लागली, गावाबाहेरच्या देवळातून यावी तशी. आज सकाळी पडद्यानं लिहिलं : भाकरी मशीनची येईल. भिंत बारा वाजता पक्की होईल.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मुडद्या!" मी पडद्याला म्हणाले. "देवाच्या नावाला उशीर म्हणतोस?"

"मावशी, तो ऐकत नाही, नुसतं मोजतो," शेठ म्हणाले.

"मग मोज म्हणावं!"

मी पळी पातेल्यावर आपटली आणि खड्या आवाजात पहिलं कडवं धरलं. मग दुसरं. भिंत करकरत एक फरशी मागं गेली. शेठ ओरडत होते, गिऱ्हाईक ताटं वाजवत होतं, मी थांबले नाही. तिसरं. चौथं. पाचव्याला फटीतून पीठ उडालं. सहाव्याला कोपरापर्यंत एक हात बाहेर आला, पिठानं माखलेला, आणि परातीच्या काठावर ताल धरू लागला.

बाराला एक मिनिट होतं.

सातवं आठवेना.

महिनाभर म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर नुसती वाफ आली. आतून गोदाक्कानं सम दिली, पुन्हा दिली. मग तिचा हात वरच थांबला, माझं कडवं सुरू व्हायची वाट बघत.