सरांचा हात

“तुम्ही बाहेर कुठं निघालात?” टेबलावर आडव्या पडलेल्या सलूनवाल्याने विचारले.

“शेजारच्या खोलीत,” डॉक्टर म्हणाले. “तिथून दांडा फिरवला की तुमच्या हृदयातली नळी फिरते.”

“म्हणजे लांबूनच दाढी.”

“तसंच समजा.”

सलूनवाल्याचे हृदय अधूनमधून उधळायचे. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची, ठोका बिघडवणारी जागा शोधायची आणि तेवढीच डागायची, हे काम डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पेशंटशेजारी उभे राहून, अंगावर क्ष-किरण अडवणारा शिशाचा जड एप्रन वागवत केले होते. दुरून नळी फिरवणारे यंत्र आले तेव्हा पाठीचे निमित्त सांगून ते त्यांनी सगळ्यांच्या आधी शिकून घेतले. पाठ दुखत होतीच. पण खरे दुखणे उजव्या हाताचे होते. तो थरथरू लागला होता. यंत्र थरथर गाळून टाकी, नळी स्थिर राही.

हे फक्त बायकोला ठाऊक होते.

“कुणाला तरी सांगा,” ती म्हणायची.

“यंत्र सांभाळून घेतंय.”

“आणि ते रुसलं तर?”

यावर ते वर्तमानपत्र उघडायचे.

त्या सकाळी यंत्र रुसले. नळी ऐन जागेजवळ पोहोचली आणि टेबलाला जोडलेला यांत्रिक हात मध्येच थांबला. बंद करून पुन्हा सुरू केला, तरी ढिम्म हलेना. आता नळी त्यातून सोडवून काम हातानेच पुरे करायला हवे होते. सिस्टरने आणून दिलेला एप्रन चढवून डॉक्टर टेबलाच्या खोलीत परतले.

टेबलाशी त्यांची जुनी विद्यार्थिनी उभी होती. आता तीही डॉक्टर होती. ती बाजूला सरकली. “या सर.”

सिस्टरने हातमोजे पुढे धरले. त्यांनी ते घेतले नाहीत.

“तू कर,” ते विद्यार्थिनीला म्हणाले.

“पाठ धरली का सर?”

नुसती मान हलवली असती तरी भागले असते.

“पाठ नाही. हात. त्याचा आता भरवसा नाही.”

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि नळी हातात घेतली.

डॉक्टर स्टूल ओढून सलूनवाल्याच्या उशाशी बसले. “यंत्र अडलंय. आता मॅडम हातानं करतील. मी इथंच आहे.”

सलूनवाल्याने चाचपडत त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने म्हणाला, “थरथरतोय तुमचा.”

“हो. वर्ष होत आलं.”

“आमच्या वडिलांचाही थरथरायचा. वस्तरा माझ्याकडे दिला, पण दुकानात रोज यायचे.”

“येऊन काय करायचे?”

“गिऱ्हाइकाशी बोलायचे. म्हणजे ते हलत नाही.”

“मग बोला काहीतरी,” डॉक्टर म्हणाले.

तो दुकानाबद्दल सांगत राहिला, हळूहळू गुंगीच्या औषधाने त्याची जीभ जड झाली. पडद्यावरचे ठोके एकदा अडखळले आणि मग सरळ एका चालीने पडू लागले.

“झालं, सर,” विद्यार्थिनी म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली. पण ते उठले नाहीत. सलूनवाल्याचा डोळा लागला होता, आणि त्याने हात सोडला नव्हता.