एकशे दहावर अडकलेला आकडा

वडिलांच्या दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर मोजायचा आणि मुलीने बनवलेलं ॲप तो आकडा त्यांच्या फोनवर दाखवायचं. ऑफिसात सर्व्हरवर तिला दिसलं : अठ्ठेचाळीस. साखर धोकादायक उतरली होती. तिने फोन लावला.

"बाबा, आधी साखर खा!"

"ॲप एकशे दहा म्हणतंय." त्यांची जीभ जड झाली होती. "तूच बजावलंस ना, फक्त ॲपचं ऐका?"

ॲप बनवताना घाईत तिने मागे चालणाऱ्या थ्रेडला, म्हणजे ॲपच्या आतल्या कामाच्या एका धाग्याला, थेट पडद्यावर लिहू दिलं होतं. पडदा फक्त मुख्य थ्रेडनेच बदलायचा असतो; आकडा त्याच्याकडे सोपवलाच नव्हता. पडदा सकाळपासून गोठला होता.

"ॲप खोटं बोलतंय. चूक माझी आहे. खा!"

फोनमध्ये साखरेच्या डब्याचं झाकण खाली पडल्याचा आवाज आला.

"चमचा सापडेना गं..."

"चमचा कशाला? बकाणा भरा!"

पलीकडून दाताखालच्या साखरेची करकर ऐकू येईपर्यंत तिने श्वास घेतला नाही.