यंदा ड्रायव्हरसकट

यंदाच्या सहलीला ड्रायव्हरसकट मिनीबस भाड्याने घ्यायची, असं नॉर्मनने फेब्रुवारीतच जाहीर करून टाकलं. सरावाची संध्याकाळ होती आणि आम्ही सहा घंटावाले चर्चच्या मनोऱ्यात थंडीने हात चोळत उभे होतो.

"ड्रायव्हरसकट?" माझा नवरा क्लाइव्ह म्हणाला. "का, मी मेलो की काय?"

"तू कशाला मरतोस. आम्ही म्हातारे झालो," नॉर्मन म्हणाला. "मला दुपारी पबात बसून निवांत सायडर प्यायचीय. आणि इतकी वर्षं तू आम्हाला हिंडवलंस, त्या दिवशी कधी थेंबाला शिवला नाहीस. यंदा तूही पी."

"मला नको तुझी सायडर."

"मग तुझ्या वाटची मी पितो. त्यात काय."

माझा जीव भांड्यात पडला. तो पडल्याचा आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी खाली वाकून उगाचच बुटाची नाडी बांधत बसले.

आमच्या श्रॉपशर जिल्ह्यात घंटावाल्यांच्या प्रत्येक मंडळाची मे महिन्यात अशी सहल निघते. एका गाडीत बसायचं, दिवसभरात चार गावच्या चर्चमध्ये जाऊन त्यांच्या घंटा वाजवायच्या, मधे पबात जेवायचं, संध्याकाळी घरी. लोकांना वाटतं ही कसली सहल, आपल्या गावात घंटा नाहीत का. त्यांना समजावण्यात मी आयुष्य घालवलेलं नाही. आमची गाडी म्हणजे शाळेची मागून आणलेली व्हॅन, आणि ती चालवणार क्लाइव्ह, हे आमचं लग्न नवं होतं तेव्हापासून ठरलेलं.

पण दीड वर्षापासून क्लाइव्हचं काहीतरी बिनसलं होतं. किटली फ्रिजमध्ये सापडायची. एकच प्रश्न चहाला एकदा, जेवताना एकदा आणि झोपताना एकदा यायचा. मग गेल्या वर्षीच्या सहलीनंतर डॉक्टरांनी त्याला नाव दिलं. दवाखान्यातून परत येताना क्लाइव्ह एकच वाक्य बोलला, "हे कळलं तर माझ्या हातातला दोर काढून घेतील." ते खरंच होतं. मनोऱ्यातली घंटा काही देव्हाऱ्यातली नसते. तिचं वजन एखाद्या बैलाएवढं. ती वर फिरत असताना खालच्या माणसाचं भान सुटलं, तर दोर त्याला छतापर्यंत उचलून नेतो. भान सुटणाऱ्या माणसाला कोण उभं करील? आणि दोर सुटला असता तर माझ्या क्लाइव्हचं काय उरलं असतं, याचा विचार करायलाही मी तयार नव्हते.

म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. मी कुणाला काही सांगितलं नाही. आमच्या घरच्या गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आणि गाडी बिघडलीय म्हणून सांगत राहिले. त्याला कुणी काही विचारलं की त्याच्या आधी मीच तोंड उघडायची. गावात माझं नाव बडबडी म्हणून झालं असेल, होऊ दे. फक्त या सहलीच्या व्हॅनचं काय करायचं, ते मला सुचत नव्हतं. आणि तेवढ्यात नॉर्मनने आपल्या सायडरपायी मला सोडवलं.

त्याचे आभार मात्र मी मानले नाहीत. नॉर्मनवर माझा राग होता. पूर्वी तो गावचा खाटीक होता, आता आमच्या मंडळाचा कप्तान, आणि दोन्हीकडे त्याचा सुरा चालतो असं मी म्हणायची. सहा घंटांचा क्रम दर फेरीला बदलतो. तो सगळा डोक्यात ठेवायचा असतो, आणि बदल पुकारायचं काम वर्षानुवर्षं क्लाइव्हचं होतं. गेल्या हिवाळ्यात नॉर्मनने ते स्वतःकडे घेतलं आणि क्लाइव्हला सर्वांत मोठ्या घंटेवर ढकललं. मोठी घंटा प्रत्येक फेरीत शेवटी वाजते. तिचा क्रम कधीच बदलत नाही. इतकी वर्षं टपून बसला होता मेला, असं मी मनात म्हटलं.

सहलीच्या सकाळी पांढरी मिनीबस वेळेच्या आधीच चर्चपाशी येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणजे एक बाई निघाली. पन्नाशीची असेल. केस लालभडक रंगवलेले, आणि गळ्यात कंपनीचा टाय.

"मी लॉरेन," ती म्हणाली. "पुढे कोण बसतंय? मला शेजारी रस्ता सांगणारं माणूस लागतं."

"क्लाइव्ह," नॉर्मन लगेच म्हणाला.

"मी बसते पुढे," मी म्हटलं. "मला मागे मळमळतं."

"ग्लेनिस, गेल्या वर्षी तू मागे बसून घोरत होतीस. तेव्हा कुठे गेली होती तुझी मळमळ?"

सगळे हसले. सगळे म्हणजे पोस्टातली पॉलीन आणि मेंढ्या पाळणारे दोघे भाऊ. त्यातला थोरला वर्षातून चार वाक्यं बोलतो आणि धाकटा त्याच्याहून कमी. क्लाइव्ह तोवर पुढे चढून पट्टा लावून बसलासुद्धा. ड्रायव्हरची जागा गेली त्याचा राग त्याच्या मानेवर अजून दिसत होता.

गाव संपायच्या आत त्याने सुरुवात केली. "क्लच जाळशील, पोरी."

"अहो, हिला क्लचच नाही. ऑटोमॅटिक आहे."

"मग जळतंय काय?"

"डिझेल," लॉरेन म्हणाली. क्लाइव्ह हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, आणि मी जरा मागे टेकून बसले.

पहिलं चर्च हार्टनचं. फाट्यावर पाटी होती, हार्टन डावीकडे. लॉरेनच्या समोरचा नकाशाचा पडदाही डावीकडेच दाखवत होता.

"उजवीकडे घे," क्लाइव्ह म्हणाला.

लॉरेनने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि गाडी उजवीकडे वळवली.

"अगं, डावी..." मी पुढे झाले. पॉलीनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "हा रस्ता छान आहे. कुंपणं बघ कशी फुललीत."

कुंपणं फुलली होती खरी, पण माझं लक्ष नव्हतं. रस्ता अरुंद होत गेला. एका ट्रॅक्टरसाठी आम्हाला शेताच्या फाटकात मागे सरावं लागलं. क्लाइव्ह मात्र ठामपणे बोट दाखवत होता, आता इथे, आता तिथे, आणि लॉरेन जणू जन्मभर त्याच्या हाताखाली गाडी चालवत आल्यासारखी वळत होती. शेवटी एका टेकडीच्या कडेला छोटंसं चर्च आलं. "हेच," तो म्हणाला.

आम्ही उतरलो. त्या चर्चला मनोराच नव्हता. छपरावर दगडाची एक लहानशी कमान होती, आणि तिच्यात बादलीएवढी एकच घंटा टांगलेली होती.

आम्ही सहा जण, सहा घंटा वाजवायला निघालेले, मान वर करून तिच्याकडे बघत उभे राहिलो. संपलं, मी मनात म्हटलं, आता सगळ्यांना कळलं.

"लहान आहे," थोरला भाऊ म्हणाला.

"चला, चहा घेऊ," नॉर्मन म्हणाला. "थर्मास कुणाकडे आहे? पॉलीन, ते केक काढ." आणि सगळे थडग्यांमधल्या बाकावर असे बसले, की जणू फेब्रुवारीपासून इथेच यायचं ठरलं होतं. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी डोळा मारला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी नॉर्मनची बाही धरून त्याला भिंतीआड नेलं. "काय चाललंय हे?"

"चहा."

"नॉर्मन, मला मूर्ख समजू नकोस. त्याने भलताच रस्ता सांगितला, तिने ऐकला, आणि तुम्ही सगळे केक खाताय. तुला माहितीय."

नॉर्मनने टोपी काढली. "गेल्या वर्षी येताना तू झोपली होतीस," तो म्हणाला. "लडलो गावाच्या बाहेर ते मोठं सर्कल आहे ना, त्याला त्याने किती प्रदक्षिणा घातल्या देव जाणे. कुठून बाहेर पडायचं तेच सुचेना त्याला. घामाघूम झाला होता. मग पॉलीनने गाणं सुरू केलं, आम्हीही गायला लागलो, आणि हा धाकटा पुढे वाकून हळूच म्हणाला, इथे वळ. तो वळला. घरी आलो. तुला उठवलं नाही."

"म्हणजे वर्षभर तुम्हाला माहीत होतं."

"तू सांगत नव्हतीस. मग आम्ही कोण सांगणारे?"

"आणि ही गाडी?"

"आता त्याला काय सांगायचं होतं, की तू चालवू नकोस? त्यापेक्षा मी दारुडा झालेला बरा." त्याने टोपी हातात फिरवली. "लॉरेनला मी आधीच सांगून ठेवलं होतं. शेजारी बसेल तो म्हणेल तिकडे ने, खड्ड्यात तेवढी घालू नकोस. पूर्ण दिवसाची गाडी घेतलीय ती त्यासाठीच. चारही चर्चना कळवलंय, आम्ही येऊ तेव्हा येऊ."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "मोठ्या घंटेवर टाकलंस, तेही..."

"तिथे लक्षात काही ठेवावं लागत नाही, ग्लेनिस. पाच घंटा ऐकायच्या आणि ओढायचा दोर. त्याचे हात ते झोपेतही करतील. आणि मी त्याच्या शेजारचाच दोर का घेतला, हे तुला कधी वाटलं नाही?"

नव्हतं वाटलं. याच माणसाला मी अख्खा हिवाळा भांडी घासता घासता शिव्या घातल्या होत्या. मी त्याच्या जाकिटात तोंड खुपसून रडले. तो माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिला, त्याही खाटकाच्या, चांगल्या जोरकस.

परत आलो तेव्हा क्लाइव्ह अजून तिथेच उभा होता. हातातला चहा तसाच, मान वर.

"इथे एकच घंटा आहे," तो म्हणाला.

माझ्या तोंडात सवयीने थाप तयार होती, पाटी कुणीतरी उलटी लावली होती, अशी. मी बोलायला लागले तसा त्याने हात वर केला.

"नको, ग्लेनिस. दमलो मी." तो बाकाकडे वळला. "मी तुम्हाला इथे का आणलं, मला माहीत नाही. माझं डोकं चालत नाही हल्ली. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय, तेही आठवत नाही." त्याने कप भिंतीवर ठेवला. "नॉर्मन, मोठ्या घंटेसाठी दुसरा माणूस बघ. मी दोर सोडतो."

वाऱ्याने पॉलीनचा केकचा कागद उडाला आणि कुणी तो उचलायला वाकलं नाही. ज्या वाक्याला मी इतके महिने दाराबाहेर थोपवून धरलं होतं, ते त्यानेच घरात घेतलं होतं.

"दुसरा माणूस कुठून आणू?" नॉर्मन म्हणाला. "गावात घंटावाले सहा. त्यातल्या कुणाची पाठ आहे ती घंटा ओढायला? माझी? मला रोज सकाळी मोजे घालायला बायको लागते."

"मी भान हरपून उभा राहिलो तर?"

"आमचा भाचा शिकतोय ना," धाकटा भाऊ म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले, तसा तो लाल झाला. "तो तयार झाला की माझा दोर त्याला. मी क्लाइव्हच्या मागे उभा राहीन. तोपर्यंत नॉर्मन आहेच शेजारी. वेळ आलीय असं वाटलं, तर आम्हीच थांबवू तुला. आपणहून कशाला सोडतोस?"

क्लाइव्हने भिंतीवरचा कप उचलून एक घोट घेतला. "साखर कमी आहे," तो म्हणाला.

"आहे तेवढी पी," पॉलीन म्हणाली आणि नाक पुसू लागली.

निघताना लॉरेनने त्याच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. तो दारापाशी थांबला.

"हार्टनचा रस्ता तुला माहितीय ना?"

"या पडद्याला माहितीय."

"मग त्याचंच ऐक. मी बायकोशेजारी बसतो."

इतक्या वर्षांच्या सहलींत मी फक्त त्याची मान बघितली होती. आज तो माझ्या बाजूला येऊन बसला, त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि आम्ही दोघांनी एकाच खिडकीतून ती फुललेली कुंपणं पाहिली. हे त्या सगळ्यांनी मला दिलं होतं, आणि माझे आभार ऐकायलाही कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

थोड्या वेळाने क्लाइव्हने विचारलं, "कुठे चाललोय आपण?"

मी सवयीने त्याच्या कानाशी वाकले, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. पण माझ्या आधी पुढून लॉरेन म्हणाली, "हार्टनला. सहा घंटा आहेत, मोजून घ्या."

पुढच्या वळणावर त्याने पुन्हा विचारलं. या वेळी पॉलीनने सांगितलं. आणखी एक टेकडी ओलांडली, त्याने परत विचारलं, तेव्हा मागच्या सीटवरून नॉर्मन म्हणाला, "हार्टन, आणि मग सायडर," अगदी पहिल्यांदाच विचारल्यासारखं. मी गप्प बसून राहिले. दीड वर्षात पहिल्यांदाच मला उत्तर द्यावं लागत नव्हतं.