हाउगेनबाईंच्या नावाचे भांडे

मी एक जुने ॲल्युमिनियमचे चौकोनी भांडे आहे. माझा एक कोपरा चेपला आहे आणि झाकण सरकवताना कुरकुरते. तरीही मित्रांनो, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या डकोटातल्या आमच्या गावात मला ओळखत नाही असे घर सापडणार नाही.

बोर्गहिल्ड हाउगेनच्या लग्नात मी आहेर म्हणून आले. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर 'हाउगेन' असे लिहिले. आमच्याकडे ते करावेच लागते. कुणाकडे बाळ झाले, कुणाचे माणूस गेले, की शेजारी गरम जेवण भांड्यासकट दारात ठेवून जातात. मग पट्टीवरचे नाव वाचून भांडे परत करायचे, आणि रिकामे मुळीच करायचे नाही.

बोर्गहिल्डचा स्वयंपाक अळणी होता, हे मी कबूल करते. पण बाहेर इतकी थंडी असे, की लोक ते चाटूनपुसून खात आणि वर कौतुकही करत. ते ऐकून मला फार सुख होई.

पुढे तिचे हात थरथरू लागले. दोन वर्षे मी कपाटात तव्यांखाली पडून होते. मला रडू येत असे. मग समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर नबिंतू राहायला आली. ती मूळची काँगोची, अकरा वर्षे युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीत काढलेली. बोर्गहिल्डने मला तिला कायमचे देऊन टाकले.

"ही पट्टी काढून टाक," बोर्गहिल्ड म्हणाली.

"असू दे, आजी. या नावाला सगळी दारं उघडतात."

त्या हिवाळ्यात राज्यापुढे एक प्रश्न आला. केंद्र सरकार निर्वासितांना वसवते, त्या कामात आपल्या राज्याने भाग घ्यावा की अंग काढून घ्यावे? नबिंतूची धाकटी बहीण मापेंडो अजून छावणीतच होती. तिचे कागद जवळजवळ तयार होते. राज्याने नाही म्हटले, तर तिला हजार मैलांवरच्या दुसऱ्या राज्यात पाठवणार होते. हे ठरवणाऱ्या विधानसभेच्या समितीत सात जण होते. तिघे बाजूने, तिघे विरोधात. सातवा आमच्याच गावचा ऑर्लिन ट्वेट. "आधी आपली माणसं," असे त्याने वर्तमानपत्रात सांगूनही टाकले होते.

नेमके त्याच महिन्यात ऑर्लिनच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. बायको नाही, स्वयंपाक येत नाही. चर्चमध्ये जेवण पोचवणाऱ्यांची यादी लागली. नबिंतूने गुरुवारपुढे आपले नाव लिहिले. तिने माझ्यात मांस आणि राजमा शिजवला, मिरची घातली, वर बटाट्याच्या गोळ्यांच्या सरळ रांगा मांडल्या. ऑर्लिन झोपला होता, म्हणून मला दारात ठेवून ती कामावर गेली.

तीन दिवस तो माझ्यातून जेवला. कोपऱ्यातले करपलेलेसुद्धा त्याने चमच्याने खरवडले. मग मला घासून, उलटे करून नाव वाचले आणि काठी टेकत बोर्गहिल्डचे दार गाठले.

"बोर्गहिल्ड, चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हाताला चव आली गं!"

"मेल्या, ते मी नाही केलं. भांडं नबिंतूचं आहे."

"कोण नबिंतू?"

"समोरची. जिच्या बहिणीला तू येऊ देणार नाहीस, ती. आणि रिकामं भांडं घेऊन आलास होय रे? आई गेली म्हणून रीतही विसरलास?"

ऑर्लिन शरमेने लाल झाला. मला घेऊन तसाच घरी परतला. दुसऱ्या दिवशी त्याने आईच्या लाटण्याने बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटल्या. निम्म्या फाटल्या. उरलेल्या माझ्यात रचून तो नबिंतूचा जिना एकेक पायरी चढला.

"मी कोण ते माहीत होतं ना?" त्याने विचारले.

"होतं. गुडघा दुखणारा माणूस."

"पण बाई, माझे प्रश्न खोटे नाहीत. शाळेत शिक्षक कमी आहेत. दवाखान्यात दुभाष्या नाही."

"खरंच आहेत. मलाही दुभाष्या मिळाला नव्हता. पोट दुखतंय हे मी हातवारे करून सांगितलं." नबिंतूने एक पोळी खाल्ली. "मीठ कमी आहे हो."

ऑर्लिन खूप दिवसांनी पोट धरून हसला.

दोन आठवड्यांनी मतदान झाले. नबिंतूने रेडिओ माझ्या शेजारीच ठेवला होता. ऑर्लिनचा आवाज आला : "मी जेवलो एकीच्या हातचं आणि भांडं परत करायला गेलो दुसरीकडे. आपली माणसं कोण, हे मला पट्टी वाचून कळलं नाही. राज्याने भाग घ्यावा. आणि दवाखान्यात दुभाष्या ठेवावा, ते मी सोडणार नाही."

नबिंतूने मला छातीशी धरले आणि ती रडली. माझ्या चेपलेल्या कोपऱ्यात एक थेंब पडला.

जूनमध्ये मापेंडो आली. तिच्यासाठी जेवण करायला ऑर्लिन मला आदल्या दिवशी स्वतः घेऊन गेला होता; आता त्याच्या हातात मी पुन्हा त्या जिन्यावर होते, गरम आणि काठोकाठ भरलेले. माझ्या बुडाला आता दोन पट्ट्या आहेत. 'हाउगेन'खाली ऑर्लिनने 'नबिंतू' लिहिले आहे, आणि त्याखाली थोडी जागा सोडली आहे.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना खरखरीत घासणीने ओरबाडू नका, कपाटात तळाशी कोंडू नका. एवढेच मागणे आहे. आणि मला परत करायला जाल, तेव्हा नुसती पट्टी वाचून थांबू नका. रांधले कुणी, तेही विचारा.