कपाटातली शिट्टी

"अरे, मग उत्तर तरी दे ना त्यांना! 'बघतोय', 'थांबा', काहीतरी लिही. हाताला काय लकवा मारलाय?"

मी त्याच्या खोलीच्या दारात उभी होते. जिना चढून धाप लागली होती, कडेवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. माझा दीर माझ्याकडे पाठ करून संगणकासमोर बसला होता. पडद्यावर कोणाचं तरी लांबलचक पत्र आलेलं. ते त्याने मला आत्ताच वाचून दाखवलं होतं. या माणसाने आपणहून कोणाला काही वाचून दाखवावं याचंच मला इतकं नवल वाटलं, की कपडे ठेवायचे राहून गेले.

"काम झालं की सांगेन," तो म्हणाला.

"आणि होईपर्यंत?"

"होईपर्यंत सांगण्यासारखं काय असतं?"

घ्या! मी सगळा जन्म दवाखान्याच्या चौकशी खिडकीत काढला. माझ्या नोकरीचं सार विचाराल तर एवढंच, की निरोप नसला तरी 'अजून निरोप नाही' असं सांगायचं असतं. तेवढ्यावर माणूस बाकावर जाऊन बसतो. काहीच सांगितलं नाही, तर खिडकीची काच फोडतो. आणि माझ्या नशिबी दीर आला तो हा, तोंडात मिठाची गुळणी धरून जन्माला आलेला.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत होता. तेव्हापासून आमचं अरे-तुरेच. नळ गळतोय म्हणून सांगितलं तर हो नाही की नाही नाही. मी आपली चार दिवस भांडी आपटत बसते, आणि एके दिवशी बघावं तर नळ गळायचा थांबलेला असतो. वीज कंपनीत मीटर तपासायच्या खोलीत त्याची नोकरी. तिथेही बोलायला मीटरच. लग्न केलं नाही. का केलं नाही, तेही सांगितलं नाही. आमचे हे त्याला मौनीबाबा म्हणायचे. हे गेल्यापासून खाली मी आणि वर मौनीबाबा, मधे जिना.

घरी आला की तो जे करतो त्याला मी लष्कराच्या भाकऱ्या म्हणते. लहान लहान वाचनालयांना पुस्तकांचा हिशोब ठेवायला एक प्रोग्रॅम आहे. जगभरची माणसं मिळून तो लिहितात. कोणीही फुकट घ्यावा, आतून उघडून बघावा, हवा तसा बदलावा. कोणाला दमडी मिळत नाही. आता एवढ्या माणसांची पत्रं आणि फायली कुठेतरी ठेवायच्या, तर त्यासाठी यंत्रं लागतात, आणि ती यंत्रं सांभाळायचं काम हा करतो. केस काळे होते तेव्हापासून करतोय. पूर्वी चार-पाच जण होते म्हणे. कोणाचं लग्न झालं, कोणाला मूल झालं, एकेक गळत गेले. उरले दोघं, एक हा आणि दुसरा टोपीवाला.

टोपीवाला हे नाव मी ठेवलेलं. त्याच्या नावापुढे छोटासा फोटो असायचा, त्यात लोकरीची टोपी आणि खाली फक्त नाक. कुठल्यातरी थंड मुलखातला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही.

"मग बोलता काय तुम्ही?" मी एकदा विचारलं होतं.

"कामाचं. तो लिहितो, 'झालं.' मी लिहितो, 'बघितलं.'"

धन्य ती मैत्री!

तर त्या दिवशीचं पत्र होतं या मंडळींच्या नव्या चिटणीसबाईंचं. बाई तडफदार असावी. तिचं म्हणणं, कित्येक महिने नव्या माणसांना आत येता येत नाही. नाव नोंदवलं की यंत्राने त्यांना एक पत्र पाठवायचं असतं, ते जातच नाही. विचारावं तर तुम्ही दोघंही ताकास तूर लावू देत नाही. महिनाअखेरपर्यंत खुलासा आला नाही, तर तुम्हा दोघांची नावं काढून किल्ल्या दुसऱ्याकडे देऊ. किल्ल्या म्हणजे यंत्रात शिरायची परवानगी.

"आणि ही नवी माणसं तक्रार कुठे करतात?" मी विचारलं.

"आत एक फळा आहे. त्यावर लिहायचं."

"आत जायला काय लागतं?"

"नाव नोंदवावं लागतं."

मला हसू आवरेना. "म्हणजे दार उघडत नाही ही तक्रार दारातून आत येऊन करायची? अरे, आमच्या दवाखान्यातसुद्धा कोणी एवढी अक्कल पाजळली नव्हती!"

तोही हसला.

"मग कर ना दुरुस्त," मी म्हटलं.

"ते काम त्याचं आहे. त्याने खाली लिहिलंय, 'मी बघतो.' एकदा कोणी असं लिहिलं की दुसऱ्याने हात लावायचा नाही. आमची रीत आहे."

"केव्हा लिहिलंय?"

"झाले काही महिने."

"आणि तू विचारलं नाहीस त्याला?"

"विचारणं म्हणजे घाई करणं. करेल तो. त्याचं एक मशीन त्याच्या घरी आहे, रोज सगळ्याची एक प्रत तिथे जाते. ते रोज उत्तर देतं. हे बघ." पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका होता.

"मशीन उत्तर देतंय रे. माणसाचं काय?"

मी कपडे पलंगावर टाकले आणि बसले. "हे बघ, सरळ त्या बाईला लिही, काम त्याच्याकडे अडलंय. तुझं नाव तरी वाचेल."

माझं बोलणं त्याला लागलं. खुर्ची वळवून तो माझ्याकडे तोंड करून बसला. असा तो क्वचितच बसतो.

"वहिनी, दादा गेला तेव्हा मी कोणाला काही कळवलं नव्हतं. कितीतरी दिवस इथे बसलोच नाही. परत आलो तर माझी सगळी कामं केलेली होती. एकालाही त्याने स्वतःचं नाव लावलं नव्हतं. आणि विचारलंही नाही, कुठे होतास." पडद्यावरच्या पत्राकडे बोट करून तो म्हणाला, "त्याचं नाव मी नाही काढू देणार. काढायचं तर माझंही काढा म्हणावं."

या माणसाला जगात दुसरं काही नाही, हे मला ठाऊक होतं. मीटर आणि हे. तेही घालवून बसला तर वरच्या खोलीत नुसता भिंतीकडे बघत बसेल.

"बरं, एक सांग," मी म्हटलं. "त्या मशीनवर शेवटचं कोण कधी बसलं होतं, ते तुला दिसतं का?"

"दिसेल. पण दुसऱ्याच्या घरात असं डोकावत नाही आम्ही."

"आमच्याकडे नातेवाईक फोन उचलत नसले तर आम्ही शेजाऱ्याला दार वाजवायला सांगायचो. डोकाव!"

त्याने कायकाय टाइप केलं. मी पडद्याकडे बघत नव्हते, त्याच्या मानेकडे बघत होते. मान आधी पुढे गेली आणि मग हळूहळू खाली आली.

"थंडी संपायच्या सुमाराला," तो म्हणाला. "त्यानंतर कोणीच नाही. मशीन एकटंच चाललंय."

पत्ता नाही, फोन नाही. याने स्वतःचा नंबर कामाच्या नोंदीत लिहून ठेवला होता, त्याने तेवढंही केलं नव्हतं. पत्रं पाठवली, उत्तर नाही. मी म्हटलं, पोलिसांना कळव. तर कुठल्या गावच्या पोलिसांना? एवढ्या वर्षांत 'तुझं गाव कुठलं' हेसुद्धा या दोन शहाण्यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं! मी डोक्यावर हात मारून घेतला.

शेवटी मार्ग त्यानेच काढला. त्या मशीनच्या पोटात एक बारकासा भोंगा असतो, बिघाड झाला की ओरडायला. इथून हुकूम दिला की तो तिथे वाजतो. त्यांच्याकडे दुपार असेल त्या वेळेला हा रोज तो वाजवायला लागला. ऐकायला घरात कोणी असेल तर ऐकेल. रोज वाजवायचा आणि वाट बघायचा. इकडे चिटणीसबाईचं आणखी एक पत्र आलं, याने त्यालाही उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, "खरं काय ते लिही तिला." तर म्हणाला, "खरं काय ते अजून कळलंय कुठे?"

महिना संपत आला होता. सुट्टीचा दिवस, आम्ही खाली जेवायला बसलो होतो. त्याचा फोन वाजला. नंबर भलताच लांब. त्याने उचलला, ऐकलं, "हो, मीच," म्हणाला, आणखी थोडं ऐकलं. आणि फोन माझ्या हातात दिला.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

पलीकडे एक बाई होती. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचं जमलं. ती टोपीवाल्याची थोरली बहीण. भावाचं घर रिकामं करायला आली होती. रोज दुपारी जिन्याखालच्या कपाटातून शिट्टी वाजते. आधी वाटलं, धुराची घंटा बिघडली. आज कपाट उपसलं, तर मागे एक काळा डबा चालू. डब्यावर कागद चिकटवलेला. 'बंद करण्याआधी या माणसाला विचारा,' आणि खाली हा नंबर.

"आणि भाऊ?" मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. खिडकीत बसून बसून, बोलण्याआधी माणूस श्वास कसा घेतो त्यावरून मला कळतं.

"तो गेला हो. थंडी संपता संपता. एकटाच होता. शेजाऱ्यांना उशिरा कळलं." बाई रडत नव्हती, थकलेली होती. "विजेचं बिल बँकेतून परस्पर जात राहिलं, म्हणून डबा चालू राहिला असेल. कोणाला कळवायचं तेच आम्हाला माहीत नव्हतं. त्याला मित्र असे कोणी नाहीतच, असं वाटायचं आम्हाला."

"एक आहे," मी म्हटलं. "माझ्यासमोर बसलाय."

तो ताटाकडे बघत होता. त्याने अन्न चिवडलंही नाही, नुसता बघत राहिला.

"विचारतायत, बंद करू का," मी त्याला म्हटलं.

"दोन दिवस थांबा म्हणावं," तो म्हणाला. "त्यावरचं सगळं इकडे आणतो. मग मीच फोन करेन."

आणि केला. स्वतः केला. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. "आता काढा," म्हणाला, "तुमचे आभार." मग बराच वेळ फोन कानाला तसाच धरून बसला. पलीकडून फोन ठेवल्याचं मला जिन्यातसुद्धा कळलं होतं.

त्याने मंडळींना चार ओळींचं पत्र लिहिलं. त्यावर पत्रांचा नुसता पाऊस पडला. ज्यांनी शिव्या घातल्या होत्या तेच आता लिहीत होते, किती थोर माणूस होता. चिटणीसबाईने मात्र सरळ लिहिलं, की मी त्यांचं नाव काढायला निघाले होते, मला लाज वाटते. मला ती बाई आवडली. किल्ल्या याच्याकडेच राहिल्या. नव्या माणसांचं दारही उघडलं. याने ते एका बैठकीत दुरुस्त केलं.

"किती मोठं काम होतं?" मी विचारलं.

"एक ओळ बदलायची होती."

"एक ओळ!" माझा पारा चढला. "एका ओळीसाठी एवढी माणसं महिनोन्‌महिने दाराबाहेर? आणि तो बिचारा तिकडे मरून पडला, तरी तुम्ही म्हणताय 'करेल तो'? ही कसली रे तुमची रीत? कोणी बोललं नाही म्हणजे कामात आहे! आणि उद्या मी खाली मेले तर? माझा पंखा फिरत राहील, दिवा जळत राहील, आणि तू वर बसून म्हणशील, वहिनी हवा खात बसलीये! तुला कधी कळणार? वास सुटल्यावर?"

बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं. हे गेले तेव्हाही मी लोकांसमोर अशी रडले नव्हते. तो उभा राहिला, काहीतरी म्हणेल असं वाटलं. पण तो वर निघून गेला. पालथ्या घड्यावर पाणी, म्हटलं, आणि डोळे पुसून भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेलाच नाही. सकाळी जिन्यात धाडधाड आवाज झाला म्हणून बघायला गेले, तर टेबल उलटं करून एकेक पायरी खाली आणत होता.

"अरे, हे काय चाललंय?"

माझं कपड्यांचं कपाट त्याने एकट्याने भिंतीकडे सरकवलं आणि खिडकीशी टेबल लावलं. मग खुर्ची आली, संगणकाचा पडदा आला, तो घरघरणारा डबा आला. जागा आहे का, चालेल का, काही विचारणं नाही.

"या वायरी पायात येतील माझ्या! पडले म्हणजे?"

त्याने हातोडी आणली आणि वायरी भिंतीच्या कडेने ठोकून टाकल्या.

आता संध्याकाळी तो तिथे बसतो, माझ्याकडे पाठ करून. मी इकडे भाजी निवडते, नाहीतर नुसतीच बसते. बोलणं पूर्वीइतकंच, म्हणजे नाहीच. मधूनच तो मान वळवून एकदा माझ्याकडे बघतो आणि पुन्हा कामाला लागतो. मीही हल्ली थोड्या थोड्या वेळाने जरा खोकते, म्हणजे त्याला वळावं लागत नाही.