ट्रॅक्टरपुढची सुलाबाई

“सुले, ऊठ. मार्केट गाठायचंय,” आण्णा म्हणाले.

सुलाबाई उठली नाही. मागे कांद्याने भरलेली ट्रॉली, ट्रॅक्टरवर मी, आणि पुढच्या चाकापासून दोन हातांवर ती, मांडी घालून. माझा पाय क्लचवर गच्च होता. सोडला की ट्रॅक्टर पुढे.

आण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, खंडेराव. महिन्यापूर्वी, ऐंशी सालच्या रास्ता रोकोत, त्यांनीच गावचे मजूर याच ट्रॉलीत भरून आग्रा रोडवर नेले होते. कांद्याला भाव आला की तुमचंही भलं होईल, असं सांगून. कसं होईल, ते मीही विचारलं नाही. सुलाबाईने मात्र जीव तोडून घोषणा दिल्या. पोलिसांची गाडी दिसताच आण्णा चुळबुळले, तेव्हा हिनेच त्यांना खाली बसवलं होतं. “बसा आण्णा. उठलं का संपलं.” दुपारी आमचा डबा पोचला नाही, म्हणून तिच्या फडक्यातली भाकरी आण्णांनी खाल्ली. बौद्धवाड्यातलं अन्न आमच्या घराण्यात त्याआधी कुणी तोंडाला लावलं नव्हतं. घरी आल्यावर आण्णा त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

भाव वाढला. विहिरीवर नवी मोटर बसली. बायांचा रोज तीन रुपयेच राहिला.

“काय पायजे तुला?” आण्णांनी विचारलं.

“चार रुपये रोज. साऱ्या बायांना.”

“कुनी फितवलं तुला?”

“तुमीच की. घामाला दाम मागायचा, मिळंस्तोवर रस्ता सोडायचा नाय. माइकवर बोलला व्हता.”

“मंग उद्यापासून कामाला येऊ नको.”

गावात बागायत काय ती आमची. तिचा नवरा दम्याने अंथरुणावर, घरात खाणारी तोंडं पाच. तिने हात जमिनीवर टेकला. आता उठेल, असं मला वाटलं. उठावी, असंही वाटलं, आणि त्याची मला लाज वाटली.

“नगा बोलवू,” ती म्हणाली. “पन आज बसनार.”

खळ्यात कांदे निवडणाऱ्या बायांचे हात थांबले होते. आधी सगुणाबाई उठली. ती तर आमच्याच भावकीतली, विधवा. पदर खोचून ती सुलाबाईच्या शेजारी बसली. मग बाकीच्या आल्या.

आण्णा माझ्याकडे वळले. “चंदर, घाल पुढं. उठत्यात का नाय बघू.”

मी इंजिन बंद केलं. यात शौर्य काही नव्हतं, पाय खरंच भरून आला होता. किल्ली काढून खिशात घातली, ती मात्र जाणूनबुजून.

सुलाबाईने फडकं सोडलं. भाकरी मोडली आणि चतकोर आण्णांपुढे धरला.

“बसा आण्णा,” ती म्हणाली. “येळ लागंल.”

आण्णा उभेच राहिले. तिनेही हात मागे घेतला नाही.