निरोपांची पेटी

नाथाजींनी वायरचं भेंडोळं खांद्यावर घेतलं, एक टोक मनुबाईंच्या हातात दिलं आणि ते उसाच्या बांधावरून चालू लागले. दर दहा-बारा पावलांवर थांबून ते बेचक्याची काठी जमिनीत रोवत, वायर तिच्यावरून ताणून घेत आणि पुढे सरकत. ऊस त्यांच्या डोक्याच्या वर गेला होता. थोड्याच वेळात घराच्या पायरीवरून मनुबाईंना फक्त हलणारे तुरे दिसू लागले.

“आवं, धरू का सोडू?” त्यांनी हाक दिली.

“धरून ऱ्हा. मी सांगस्तवर सोडायचं न्हाई.”

“लगीन झाल्यापासनं धरूनच हाय मी,” मनुबाई पुटपुटल्या आणि वायरचा एक वेढा मनगटाला घेऊन पायरीवर बसल्या.

सकाळी नऊ वाजता त्यांच्या आळीला वीज देणारा डीपी, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, मोठा आवाज करून जळाला होता. वीज कंपनीचा माणूस येऊन वर बघून गेला. दुसरा डीपी यायला दोन दिवस, कदाचित तीन. उंब्रजच्या या अंगाला कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. बायकांनी फ्रिजमधलं दूध तापवून घेतलं, मोटारी बंद पडल्या म्हणून पाणी पाजणारी माणसं चावडीपाशी जाऊन बसली. एकट्या नाथाजींनी भिंतीवरच्या कागदापुढे उभं राहून हिशेब केला. घरातला इन्व्हर्टर पाच तास चालणार. म्हणजे दोन वाजेपर्यंत.

तो कागद त्यांच्या मुलीनं, सृष्टीनं लावला होता. ती पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. गणपतीच्या सुट्टीत ती एक काळी पेटी घेऊन आली. डबलरोटीएवढी, पुढं एक हिरवा दिवा. जगभर अशा शेकडो पेट्या लोकांनी आपापल्या घरात ठेवल्या आहेत, तिनं सांगितलं. कुणी कुणाला निरोप पाठवला की तो एकाच मापाच्या पुडक्यांत बांधला जातो. ती पुडकी एका पेटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जातात. प्रत्येक पेटी त्यांना बाकीच्यांच्या पुडक्यांत मिसळते, जरा थांबवते आणि भलत्याच क्रमानं पुढं सोडते. त्यामुळं कोण कुणाशी बोललं हे वाटेत कुणालाच कळत नाही. पेटी ठेवणाऱ्यालाही नाही.

“मालक कोण मग ह्याचा?” नाथाजींनी विचारलं होतं.

“कुणीच नाही, आबा. ज्यांच्या पेट्या, ते सगळे.”

कागदावर तिनं अटी लिहिल्या होत्या. नेट वेगवान हवं. पेटीचा पत्ता बदलायचा नाही. नवी दुरुस्ती आली की त्याच दिवशी चढवायची. कोण आलं, कोण गेलं याची कसलीही नोंद ठेवायची नाही. आणि पहिले तीस दिवस परीक्षेचे. त्यांत सगळा मिळून दीड दिवसाहून जास्त वेळ पेटी बंद राहिली तर परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. पास झाल्यावर महिन्याला बक्षीस, त्या जाळ्याच्या स्वतःच्या नाण्यांत. पेटीच्या नावानं जामीन म्हणून सृष्टीनं स्वतःची काही नाणी अडकवून ठेवली होती. कुठल्या कुठल्या देशांतल्या अकरा अनोळखी माणसांनी आपली थोडी थोडी नाणी याच पेटीच्या मागं लावली होती. तसं करता येत असे. पेटी नीट चालली तर त्यांनाही वाटा. पेटीचं नाव सृष्टीनं इंग्रजी अक्षरांत ‘उंब्रज’ असं ठेवलं होतं.

“बक्षीस किती?” मनुबाईंनी तेव्हाच विचारून घेतलं होतं.

“नेटचं बिल सुटेल, आई. वर दोन किलो साखर येईल.”

“साखर तर कारखाना बी देतोय.”

नाथाजी मात्र बक्षिसाचं काही बोलले नव्हते. अठ्ठावीस वर्षं ते सैन्याच्या सिग्नल्समध्ये होते, सुभेदार होऊन घरी आले. त्यातली चार वर्षं बर्फातल्या एका चौकीवर त्यांचं काम एवढंच होतं: खालून आकड्यांचे गट यायचे, ते जसेच्या तसे वरच्या चौकीला द्यायचे. त्या आकड्यांत काय दडलंय ते त्यांना कधी कळलं नाही. निवृत्तीनंतर सकाळी उठून करण्याजोगं काही उरलं नव्हतं. पेटी आली आणि ते पुन्हा पाचला उठून दाढी करू लागले.

आज सव्विसावा दिवस होता. दर गुरुवारी दिवसभर लाइट जाई, त्यानं सव्वा दिवस आधीच खाल्ला होता.

बांध संपला तिथं रंगुबाईची पिठाची गिरणी होती. हायवेच्या अंगाला असल्यामुळं तिची लाइट दुसऱ्या डीपीवरची. नाथाजी घामानं भिजून दारात उभे राहिले तेव्हा रंगुबाई जोंधळ्याचं दळण घालत होती. केसांपासून पायांपर्यंत पांढरी. तिनं पट्टा थांबवला.

“काय वो सुभेदार, वायर कशाला?”

“लाइट पायजे. दोन-तीन दिवस. मीटर वाचून घिऊ, जेवढी जाईल तेवढ्याचं मी भरतो.”

“मोटार लावताय?”

“न्हाई. पेटी हाय एक.” त्यांनी सांगायला सुरुवात केली. पुडकी, माप, मिसळणं, पुढं सोडणं.

रंगुबाईनं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे सगळ्यांचं दळण एकातच वतायचं?”

“तसंच की.”

“मी असं केलं तर बाया माझं केस उपटत्याल.”

“पर हितं ज्याचं त्यालाच मिळतंय. फकस्त कुणी कुणाला दिलं ते मधल्याला कळत न्हाई.”

रंगुबाई पदरानं तोंड पुसत थांबली. पीठ जाऊन गालावर एक काळा पट्टा उमटला.

“तुमाला बी न्हाई?”

“मला बी न्हाई.”

तिनं हात झटकले. आत जाऊन भिंतीवरचा लाइटीचा बोर्ड दाखवला. नाथाजींनी पक्कड काढली, टोकं सोलली, जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली. चौसष्टाव्या वर्षी त्यांची बोटं जराही थरथरत नव्हती. मग बांधावर येऊन दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी आवाज दिला. पलीकडून मनुबाईंचा आवाज आला, “आता सोडू?” आणि ते एकटेच हसले.

एक वाजून चाळीस मिनिटांनी पेटी गिरणीच्या लाइटीवर चालू लागली. हिरवा दिवा एकदाही विझला नव्हता.

नवा डीपी चौथ्या दिवशी बसला. तोवर नाथाजी सकाळ-संध्याकाळ बांधावरून फिरून प्रत्येक काठी तपासत होते. वाटेत कुणी विचारलं तर सांगत होते, लाइनीवर हाय. तिसाव्या दिवशी दुपारी सृष्टीचा फोन आला.

“आबा, पास. पेटी अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या वर नाही, पण पंच्याण्णवच्या वर वेळ चालू होती.”

“काठावर?”

“काठावर. पण एक गंमत आहे. ज्या दिवशी तुम्ही वायर ओढली ना, त्या दिवशी मी पेटीवाल्यांच्या ग्रुपवर वायरचा फोटो टाकला होता. आईनं पाठवलेला. आता तुमच्या मागं नाणी लावणारी अकराची चाळीस माणसं झालीत.”

नाथाजींनी चाळीसचा आकडा एकदा पुन्हा म्हणून घेतला. फोन ठेवल्यावर त्यांनी मनुबाईंना पोह्यांत शेंगदाणे जास्त घालायला सांगितलं. मनुबाईंनी शिराच केला. एक वाटी झाकून त्यांनी नाथाजींच्या हातात दिली. गिरणीत नेऊन द्यायला.

रंगुबाईनं शिरा उभ्या उभ्याच खाल्ला, वाटी विसळून दिली. नाथाजी निघाले तशी ती म्हणाली, “सुभेदार, त्यातनं निरोप धाडायचा तर काय करावं लागतंय?”

“तुमाला?”

“इचारलं आपलं.”

नाथाजींनी तिच्या हातातल्या फोनकडं पाहिलं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तसं त्यांनाही ठाऊक होतं. रंगुबाईच्या मुलीनं, राणीनं, चार वर्षांपूर्वी कडेगावच्या एका दुसऱ्या जातीच्या मुलाशी आपल्या मनानं लग्न केलं. तेव्हापासून थोरल्या मुलानं, तानाजीनं घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. रंगुबाईच्या फोनचं सिमही तानाजीच्याच नावावर होतं. आईनं कुणाला फोन लावला, किती वेळ बोलली, ते त्याला त्याच्या मोबाइलवर दिसे.

“एक ॲप घालावं लागतंय,” ते म्हणाले. “त्याला नंबर लागत न्हाई. एक कोड मिळतो, तो समोरच्याला पोचवायचा. तुमचा निरोप माझ्याच पेटीतनं जाईल असं न्हाई बरं का. कुणाच्या तरी जाईल.”

“जाऊ दे कुणाच्या बी. फोटो येतो त्यातनं?”

“येतो. जरा दमानं येतो.”

“दम हाय मला.”

त्यांनी फोन घेऊन ॲप घातलं. कोड एका कागदावर उतरवून दिला. मग म्हणाले, “आता ह्याला कुलूप लावायचं. ते तुमी लावायचं, मी न्हाई. चार आकडं. फोनच उघडा ठेवला तर जगातल्या सगळ्या पेट्या मिळून बी काय करू शकत न्हाईत.” आणि फोन तिच्या हाती देऊन ते गिरणीच्या दाराशी जाऊन हायवेवरचे ट्रक बघत उभे राहिले. पाठीमागं रंगुबाई एकेक आकडा तोंडातल्या तोंडात म्हणत होती. ते त्यांनी ऐकायचं टाळलं.

बाजाराच्या दिवशी रंगुबाई तो कागद कमरेला खोचून कराडला गेली; तिथं बाजाराला कडेगावची माणसं येत. पुढच्या आठवड्यात मनुबाई दळण घेऊन गेल्या आणि पाऊण तासानं घरी आल्या.

“रंगुबाईला काय झालंय?” त्या म्हणाल्या. “गिरणी बंद करून कोपऱ्यात बसलीया, फोन नाकाला लावून. एकटीच हसतीया. मला म्हनली, जरा दम धर. मी बसले पोत्यावर.”

“मग दळण?”

“दिलं की. पर एवढं बारीक दळलंय, भाकरी थापंना.”

नाथाजींनी मान डोलावली आणि पेटीवरचा दिवा बघायला आत गेले. तो पाहायची काही गरज नव्हती.

तानाजी आला तो दिवाळीनंतर, भर दुपारी. कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर त्यानं रस्त्यावरच उभा केला होता. अंगावर उसाचा पाला चिकटलेला. अंगणात मनुबाई मिरच्या वाळत घालत होत्या. त्याचा चेहरा बघून त्या हातातलं सूप खाली ठेवून उठल्या.

“सुभेदार हायेत?”

नाथाजी आतल्या खोलीत होते. तानाजी उंबऱ्यात थांबला, मग आत आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

“आईच्या फोनला कुलूप हाय. तुमी घातलं?”

“कसं घालायचं ते मी दावलं. घातलं त्येंनी.”

“कुणाशी बोलती ती?”

“मला म्हाईत न्हाई.”

“तुमच्याच पेटीतनं जातंय म्हनं.”

“तुझ्या ट्रॅक्टरमधनं ऊस जातो, पर त्याची साखर कुणाच्या चहात पडली ते तुला कळतं का?” नाथाजी म्हणाले. “ही पेटी केलीच तशी हाय, तानाजी. आन मला म्हाईत असतं, तरी मी सांगितलं नसतं.”

तानाजी त्यांच्याकडं बघत राहिला. नाथाजींनीही नजर काढून घेतली नाही. बाहेर मनुबाईंच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

मग तानाजीनं डोक्याचा टॉवेल सोडला, त्याची घडी केली, पुन्हा मोडली. शर्टाच्या खिशातून त्यानं कागदाचा एक चिटोरा काढला. घामानं तो मऊ झाला होता. त्यावर निळ्या शाईत एक लांबलचक कोड लिहिलेला होता.

“कारखान्यावर नंबर लागला हुता. रांगंत उभा हुतो. तवा एकानं हातात दिला,” तो म्हणाला. “कडेगावचा हाय. काय बोलला न्हाई. नुसता दिला आन गेला.”

नाथाजींनी हात पुढं केला. तानाजीनं चिटोऱ्याबरोबर स्वतःचा फोनही दिला.

“आईला कळायचं न्हाई ना?”

“कुणालाच कळत न्हाई.”

नाथाजी खुर्चीवर बसले. चष्मा लावून त्यांनी ॲप घातलं, कोडमधलं एकेक अक्षर बोट ठेवून दोनदा ताडून पाहिलं आणि फोन परत दिला. चिटोरा घडी करून तोही दिला. तानाजी आता पलंगाच्या कडेवर टेकला होता. त्याचा अंगठा अक्षरांवर जाई आणि माघारी येई.

“चार वर्सं झाली,” तो खाली बघतच म्हणाला. “काय लिवायचं पयलं?”

नाथाजी उठून पेटीपाशी गेले होते. दाराकडं तोंड करून, फडक्यानं तिची धूळ पुसत होते.

“लय लिवू नगंस. ‘कशी हाईस’ एवढं पुरं हाय.”

तानाजीनं मान वर केली. सुभेदार पाठमोरे होते. फडकं पेटीवरून सावकाश फिरत होतं.

चहाचे कप घेऊन मनुबाई दाराशी आल्या. नाथाजींनी त्यांना हात आडवा केला. त्या उंबऱ्याच्या अलीकडंच थांबल्या, कप तसेच हातात धरून, आणि आतून येणारी अंगठ्याची टकटक ऐकत राहिल्या.